गुडघाभर पाणी

पहिला लोंढा आला आणि पाटकऱ्याने महिनाभर खपून उंच केलेला बांध घेऊन गेला. दुपारी तीनला पाणी आले, साडेतीनला बांधाच्या अंगातून घाम फुटावा तसे पाणी पाझरू लागले, चारला तो मधोमध फुटला. पाचला पात्रात नुसता चिखल उरला आणि त्यात उलटीसुलटी पडलेली झुडपे. समुद्र तिथून कोसभरही नाही. सगळे पाणी आणि पाण्यातला सगळा गाळ सरळ तिकडे गेला. समुद्राला त्याचे काय सोयरसुतक!

पाटकरी काठावर उभा राहून बघत होता. सत्तरी ओलांडलेला, उंच, काटक माणूस. जन्मभर पाण्यात उभे राहून पायांच्या नखांना कायमचा मातीचा रंग आलेला. शेजारी त्याची लेक आणि जावई होते. जावई बोलला आणि तिथेच चुकला.

"मामा, मी म्हणत होतो, इतका उंच नको. खाली रुंदी नाही तर वर उंची कशी पेलेल?"

"तू भिंती बांध," पाटकरी म्हणाला. "पाण्यातलं मला शिकवू नको."

जावई पेशाने गवंडी. पाटकऱ्याला एकच लेक, म्हणून तो अकरा वर्षांपूर्वी इथेच येऊन राहिला. घरजावयाचे बरोबर निघाले तरी ते सासऱ्यासमोर बोलून दाखवायचे नसते, एवढे अकरा वर्षांत त्याला कळायला हवे होते. पण गवंड्याला वाकडी भिंत बघवत नाही, आणि बोलल्याशिवाय राहवत नाही.

या भागात पाऊस नावालाच पडतो. पडतो तो वर डोंगरात, आणि त्याचे पाणी वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, कोरड्या पात्रातून धडाडत येते. तेवढ्या दोन-तीन तासांत जे काय रानात घ्यायचे ते घ्यायचे. पात्रात मातीचा आणि झुडपांचा आडवा बांध घातलेला असतो. त्याला अडून पाणी वर चढते आणि काठाच्या तोंडातून रानात शिरते. रानात ते उभे राहते, मुरते, आणि मागे बोटभर गाळ ठेवून जाते. त्या ओलीवर आणि त्या गाळावर ज्वारी येते. दुसरे खत नाही, दुसरे पाणी नाही.

सगळ्यात वरचे रान पाटकऱ्याचे, म्हणून पहिला मान त्याचा. पण मान कुठवर, तर गुडघ्यापर्यंत. हा नियम कोणी कागदावर लिहिलेला नाही. पाटकऱ्याने आपल्या रानात उभे राहायचे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की त्याने "सोडा!" म्हणून ओरडायचे, आणि खालच्या रानाच्या माणसांनी बांध फोडायचा, की पाणी पुढच्या बांधाला जाऊन भिडते. गुडघा हेच माप. पाटकऱ्याच्या आधी त्याच्या बापाचा गुडघा होता, त्याच्या आधी आज्याचा.

खाली एकच रान, शेवटचे. ते खालच्या आत्याचे. ती कोणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण सगळे तिला तेच म्हणत. नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. घरात ती आणि सून, मुलगा बोटीवर. समुद्र जवळ, त्यामुळे रानात पाणी उभे राहिले नाही की तिची विहीर खारट व्हायची. गेली काही वर्षे ती बहुतेक खारटच होती.

"आमच्याकडे चहाला साखर लागते, मीठ फुकट," असे ती स्वतःच सांगायची आणि हसायची. पाटकऱ्याची पण ती थट्टा करायची. "दादाचा गुडघा देवाने जरा वरच बसवलाय. बघावं तेव्हा आमचं पाणी उशिरा." यावर सगळे हसत, पाटकरीही हसे. तो उंच होता हे तर खरेच होते.

गंमत अशी, की पहिला मान असूनही गेल्या वर्षी पाटकऱ्याच्याच रानात पाणी चढले नाही. दोन्ही लोंढे आले, तोंडाशी आले, रानाची कड चाटून माघारी गेले. वर्ष कोरडे गेले. गवंड्याने भिंती बांधून घर चालवले. म्हणून या वर्षी पाटकऱ्याने बांध हातभर उंच केला होता. तो तर गेलाच, वर फुटलेल्या पाण्याच्या दणक्याने खालचा आत्याचा बांधही उखडला. दोघांपैकी कोणाच्याच रानात थेंब गेला नाही.

त्या दिवशी जेवताना गवंड्याने खाली मान घालून सांगितले, "मुकादमाचा निरोप आलाय. शहरात मोठं काम आहे, तीन वर्षांचं. राहायला खोली देतो म्हणतोय. दुसऱ्या लोंढ्यालाही पाणी चढलं नाही, तर आपण जाऊ. मामा, तुम्हीपण चला."

"मी रान टाकून खोलीत जाऊन बसू?"

"मग एकटे काय कराल?"

पाटकऱ्याने ताटात हात धुतला. लेकीने त्याचे ताट उचलले. नवरा जे बोलला त्यात खोटे काही नव्हते, आणि बाप येणार नाही हेही तितकेच खरे होते. एकाला धरले की दुसरा सुटणार. आता मध्ये फक्त एक लोंढा होता.

सकाळी गवंड्याने आपली लेव्हलची नळी काढली. बोटाएवढी जाड, पारदर्शक, वीस हात लांब. तिच्यात पाणी भरले, बुडबुडे घालवले, एक टोक लेकीच्या हातात दिले आणि जुन्या बांधाच्या उरलेल्या खांद्यावर तिला उभे केले. दुसरे टोक घेऊन तो रानात गेला. नळीतले पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला उभे राहते, ते कोणाच्या सासऱ्याचे ऐकत नाही.

"स्थिर धर. अंगठा काढ. काढलास?"

"काढला हो."

तो काठीला खुणा करत रानभर फिरला. शेवटी येऊन म्हणाला, "बांधात काही खोट नाही. रान वर आलंय. बांधाच्या डोक्यापासून रान फक्त चार बोटं खाली आहे. एवढ्यात पाणी काय उभं राहणार? चाटूनच जाणार."

"रान वर येतंच," पाटकरी म्हणाला. "गाळ बसतो, वर येतं. पात्रही वर येतं, बांधही वर येतो. सगळं बरोबरच वर येतं. माझ्या बापाच्या वेळीही येत होतं."

"बरोबर आलं असतं तर प्रश्न नव्हता, मामा. आत्याचं रानही मी मघाशी बघून आलो. पात्राच्या मानाने ते जागच्या जागी आहे. आपलंच पुढे गेलंय. का ते मला माहीत नाही."

पाटकरी तोंड फिरवून पात्राकडे बघू लागला. लेकीला वाटले, बापाला राग आला.

"मग काय करायचं?" तिने विचारले.

"रान खाली घ्यायचं. सगळं होणार नाही, तोंडाजवळचा तिसरा हिस्सा तरी हातभर खोदायचा. तिथे पाणी उभं राहिलं तर वर्ष निभेल."

"हातभर!" पाटकरी ताडकन म्हणाला. "ती माती आहे, कचरा नव्हे. लोक मातीसाठी मरतात आणि तुम्ही ती काढून टाकणार? माझा जन्म गेला ती गोळा करण्यात."

"मातीला पाणी लागतं ना बाबा?" लेक म्हणाली.

तिने कुदळ उचलली आणि तोंडाजवळच्या कोपऱ्यापासून जरा अलीकडे पहिला घाव घातला. पहिल्याच घावाला कळले, जमीन वरून वाळून कडक झाली होती, पण वीतभर खाली लोण्यासारखी होती. इतकी सुंदर माती काढायची म्हणजे तिलाही जिवावर आले.

काढलेली माती टाकायची कुठे, हा दुसरा प्रश्न. तो आत्याने सोडवला. दुसऱ्या दिवशी ती बैलजोडी आणि केणी घेऊन हजर झाली. केणी म्हणजे पुढून उघडी लाकडाची पेटी. बैल ओढत जातात तशी ती मोकळी माती खरवडून पोटात घेते. मागे सून बैलगाडी घेऊन आली होती.

आत्या पाटकऱ्यासमोर उभी राहिली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "दादा, एक मागायचं होतं. लाज वाटते. ही माती तुम्ही टाकणारच असाल तर मला द्या. बैल माझे, गाडी माझी. माझ्या रानात नुसती वाळू झालीय. खाली येईपर्यंत पाण्यात गाळ उरतच नाही, जे येतं ते निवळ येतं."

पाटकऱ्याने तिच्याकडे बघितले नाही. "न्या," म्हणाला.

"उपकार झाले."

"उपकार कसले? न्या म्हटलं ना!" तो इतक्या जोरात खेकसला, की सुनेने बैलाची वेसण घट्ट धरली.

अठरा दिवस काम चालले. उजाडले की लेक आणि गवंडी कुदळीने माती फोडत, आत्या केणीवर उभी राहून बैल हाकी, सून गाडी भरे. दुपारी समुद्राकडून वारा सुटे. घामावर मीठ बसे आणि ओठ फुटत. लेकीच्या दोन्ही तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. गवंड्याची कंबर धरली. भिंत बांधणारा माणूस उभ्याने काम करतो, त्याला वाकायची सवय नव्हती. पाटकरी काठावर बसून त्याच्या चुका काढी. "कुदळ ती, थापी नव्हे. लाड काय करतोस तिचे?" आत्याची सून तोंडात पदर धरून हसे आणि गवंडी कान लाल करून कुदळ चालवी. आत्याने त्याची बाजू घेतली, "दादा, जावई मिळालाय, बैल नव्हे. जरा हळू हाका." मग गवंड्यालाच हसू आले.

तिसऱ्या दिवसापासून पाटकरीही खाली उतरला. खोदायला नाही. खोदलेल्या कडेला, मातीची सरळ भिंत झाली होती तिथे, तो जाऊन बसू लागला. त्या भिंतीत थर दिसत होते. खाली जाड, वाळूचा, वर बारीक, काळसर. मग पुन्हा वाळू, पुन्हा काळे. प्रत्येक लोंढ्याचा एक थर. पाटकरी त्यांच्यावरून बोट फिरवी.

"हा बघ," तो एकदा लेकीला म्हणाला. "हा जाड. तुझं लग्न झालं त्या वर्षीचा. मोठा लोंढा आला होता. आणि हा पातळ, नखाएवढा. तुझी आई गेली तो."

"तुम्हाला कसं कळतं?"

"मी उभा होतो ना प्रत्येकात."

लेकीने कुदळ खाली ठेवली आणि ती बापाशेजारी बसली. आईचा थर तिने बोटाने चाचपला. तिला वाटले, हे काढायला नको होते. पण तिसऱ्या हिश्श्यातले दोन वाटे काढून झाले होते आणि डोंगरावर ढग जमायला लागले होते.

बाराव्या दिवशी ती तोंडाजवळच्या कोपऱ्यात आली. तिथे पाटकऱ्याने आधी खोदू दिले नव्हते. "तो कोपरा राहू दे, तिथे कड ढासळेल," म्हणाला होता. आता बाकीचे झाले होते आणि कोपरा उंचवट्यासारखा उरला होता. पाणी शिरायचे ते तिथूनच, त्यामुळे तो ठेवून चालणार नव्हते. पाटकरी घरी जेवायला गेला होता. आत्या गाडीबरोबर खाली गेली होती.

कुदळ दगडावर वाजली.

या मातीत दगड नसतो. लोंढा दगड वरच टाकतो, इथपर्यंत येते ती वाळू आणि गाळ. तिने हाताने माती सारली. चपटा दगड निघाला, पाटाएवढा. त्याच्या खाली दुसरा. त्याच्या खाली आणखी एक.

"अहो, इकडे या."

गवंडी आला, गुडघ्यावर बसला, बोटांनी सांध्यातली माती काढू लागला. मग त्याचे हात थांबले. "हे वाहून आलेलं नाही. रचलेलं आहे. बघ, हलू नये म्हणून खाली चिपा मारल्यात. काम बरं आहे." पेशाचा माणूस, आधी कामाकडेच बघणार. "पण एकदम नाही रचलेलं. दोन दगडांच्या मध्ये गाळाचे थर आहेत. एक दगड बुडला की वर दुसरा ठेवलाय. असे वर्षानुवर्षं. पण कशाला?"

लेक त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. बाप पाण्यात उभा राहायचा तो इथेच. दुसरीकडे कधीच नाही. ती सहा-सात वर्षांची असताना एकदा हट्ट करून त्याच्या शेजारी उभी राहिली होती. त्याच्या गुडघ्याला पाणी लागले नव्हते आणि तिच्या छातीला लागले होते. ती घाबरून रडली होती. बाप म्हणाला होता, तू लहान आहेस, म्हणून. तिने ते तीस-बत्तीस वर्षे खरे धरले होते.

"दगडावर उभं राहिलं, की गुडघ्याला पाणी उशिरा लागतं," ती म्हणाली.

गवंड्याने तिच्याकडे बघितले, मग रानाकडे, मग खाली आत्याच्या रानाकडे. "म्हणून आपलं रान वर गेलं," तो हळूच म्हणाला. "दर वेळी चार बोटं जास्त पाणी. गाळ सगळा इथे बसायचा, खाली निवळ जायचं." अति तेथे माती, असे तो एरवी म्हणाला असता. तेव्हा त्याला ते सुचले नाही.

पाटकरी आला, तेव्हा चार दगड काढून कडेला ठेवलेले होते. तो लांबूनच थबकला. मग येऊन दगडांशेजारी बसला. लेकीने पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

"पहिला दगड तू झालीस त्या वर्षी ठेवला," तो स्वतःच म्हणाला. "रान तेव्हा वाळूचं होतं. पिकेना. तुझ्या आईला दूध येईना. म्हटलं, एकच वर्ष."

"मग?"

"मग पीक आलं."

तो पाणी प्यायला. तांब्या हातात धरून बसून राहिला.

"आणि आत्या?"

"तिचा नवरा होता तेव्हा. धडधाकट होता. वाटलं, त्याचं काही अडत नाही. तो गेला तेव्हा मात्र..." पाटकऱ्याने तांब्या खाली ठेवला. "तेव्हा काढता आला असता. पण खाली उभा राहिलो असतो, तर लोक म्हणाले असते, याचा गुडघा एकदम खाली कसा आला?"

लेकीला बापाचा संताप आला, आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. आपण ज्या दुधावर वाढलो ते कुठून आले, हे कळायला तिला अडतीस वर्षे लागली होती. तिने डोळे पुसले तर हाताची माती गालाला लागली.

"आत्याला सांगायला हवं," ती म्हणाली.

"लोंढा होऊ दे," पाटकरी म्हणाला. "मग सांगतो."

पाचवा दगड मोठा होता, पहारीने हलेना. खोदलेली जमीन त्याच्याभोवती खाली गेली आणि तो चार बोटे वर राहिला. त्याच्या खाली आणखी किती होते ते कोणी बघितले नाही. गाडी परत आल्याचा आवाज ऐकून गवंड्याने कडेचे चार दगड आपल्या कामाला आणल्यासारखे रचून ठेवले आणि लेकीने पाचव्यावर पायाने माती ओढली. आपण हे का केले, ते तिला कळले नाही.

आत्या घामाघूम होऊन आली. "दादा, रान ओळखू येत नाही बघा! चिमटीत धरलं तर चिकटतं. मरायच्या आधी माझ्या रानात अशी माती बघेन, असं वाटलं नव्हतं. तुम्ही मोठ्या मनाचे." पाटकरी उठून घरी निघून गेला. आत्या गवंड्याला म्हणाली, "चांगलं बोललं तरी रागावतात. म्हातारपण, दुसरं काय!"

नंतरच्या सहा दिवसांत दोन्ही बांध पुन्हा घातले, पहिल्यासारखेच, उंच न करता. एक दिवस पाटकरी सगळ्यांसमोर म्हणाला, "यंदा मी उभा राहणार नाही. गुडघे सुजलेत. लेक राहील."

"म्हणजे आमचं भलं झालं," आत्या म्हणाली. "हिचा गुडघा खाली आहे."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी डोंगर दिसेनासा झाला. इथे ऊन होते. अकराच्या सुमाराला बैलांनी कान टवकारले. मग वरून गाडी खडीवरून जावी तसा आवाज आला, आणि पात्राच्या वळणावर तपकिरी पाण्याची जीभ दिसली, पुढे काटक्या, फेस, एक फुटकी चप्पल. पहिल्या लोंढ्यापेक्षा हा मोठा होता.

बांधाने धरले. पाणी चढले, तोंडाशी आले, आणि जराही न अडता खोदलेल्या भागात उतरले. गवंडी लहान पोरासारखा ओरडला. लेकीने साडी खोचली आणि ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पाणी थंड होते आणि गाळाने जड. आधी घोटे, मग पोटऱ्या. आत्या आणि सून फावडी घेऊन बांधाच्या खांद्यावर तयार होत्या. पाटकरी न खोदलेल्या भागात उभा होता, कोरड्यात, लेकीपासून आठ-दहा पावलांवर.

पाणी भराभर वर येत होते. खोदलेला भाग भरत आला. आता न खोदलेल्या रानाची कड वीतभर राहिली, मग बोटभर. लेकीने मान वळवून बघितले. दोन हिस्से रान अजून कोरडे होते, तडकलेले. आणखी चार बोटे पाणी चढले असते, तर ते सगळ्या रानावर पसरले असते. एका हिश्श्यात वर्ष निभणार होते. तिन्ही हिश्श्यांत घर उभे राहणार होते, मुकादमाचे नाव निघणार नव्हते, बापाला कोणी टाकून जाणार नव्हते.

डाव्या पायाच्या अंगठ्याला दगड लागला.

तिने ठरवले असे काही नाही. पायाने चाचपले, आणि एक पाय वर गेला, मग दुसरा. पाणी तिच्या गुडघ्याजवळ आले होते ते खाली पोटरीवर गेले. समोर आत्या फावडे धरून तिच्याकडे बघत होती, विश्वासाने, जशी गेली कित्येक वर्षे तिथे कोणाकडे तरी बघत आली होती.

"उतर."

पाटकरी म्हणाला, पण पाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेले नसावे. लेकीने ऐकले आणि ऐकले नाही असे केले. पाणी कडेला लागले. कोरड्या रानात पहिली ओल सरकली.

"पोरी, उतर खाली!" या वेळी तो ओरडला, जन्मभर "सोडा" म्हणून ओरडलेल्या आवाजात. आत्याने दचकून त्याच्याकडे बघितले.

लेक उतरली. पाणी गुडघ्याच्या वर आले. "सोडा!" ती ओरडली, आणि तिला रडू फुटले.

सुनेने पहिले फावडे मारले, गवंडी धावला, बांध फुटला. पाणी एकदम खालच्या बाजूला वळले. आत्याने मात्र फावडे मारले नव्हते.

"कशावरून उतर म्हणालात, दादा?" तिने विचारले.

"दगडावरून."

"कसला दगड?"

"माझा आहे. तिथे मी उभा राहायचो." पाटकऱ्याने कडेला रचलेल्या चार दगडांकडे हात केला. "तेही माझे. खाली अजून आहेत. अडतीस वर्षं."

आत्या त्या दगडांकडे बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला नाही, पाण्यात तीही जन्म काढून बसली होती. तिने शिवी दिली असती तर बरे झाले असते, पाटकरी त्याची वाटच बघत होता. पण तिचा चेहरा वेगळाच झाला. कोणीतरी फार जुने कोडे सोडवून द्यावे तसा.

"मला वाटायचं, माझंच रान वाईट," ती म्हणाली. "हे जायच्या आधी म्हणाले होते, तुला रान राखता येत नाही. मला ते खरं वाटलं होतं."

खालून सुनेची हाक आली, "आत्याबाई, पाणी भिडलं आपल्या बांधाला!"

आत्याने फावडे खांद्यावर घेतले. "माझं पाणी आलंय," ती म्हणाली आणि काठाकाठाने चालू लागली, मग साडी धरून पळू लागली.

चार दिवसांनी पाणी मुरले. खोदलेल्या भागात बोटभर गाळ बसला होता, चकचकीत, अजून पाय न लागलेला. गवंड्याने मुकादमाला निरोप पाठवला, या वर्षी येत नाही. पुढच्या लोंढ्याच्या आत दुसरा हिस्सा खोदायचा होता. पण आत्याचे बैल आले नाहीत, आणि बोलवायला जायचे तोंड कोणाला नव्हते.

पाचव्या दिवशी पाटकऱ्याने पाटी उचलली. न खोदलेल्या भागातली, सगळ्यात वरची, सगळ्यात चांगली माती त्याने कुदळीने ओढली, पाटी भरली आणि डोक्यावर घेतली. लेक पुढे झाली तर त्याने तिला हाताने बाजूला केले. सुजलेल्या गुडघ्यांनी तो काठाकाठाने खाली गेला. लेक थोडे अंतर ठेवून मागे गेली, न जाणो वाटेत पडला तर.

आत्या आपल्या रानात ओल बघत बसली होती. तिने त्याला येताना बघितले. "या दादा" म्हणाली नाही. तो बांधावर पाटी घेऊन उभा राहिला, मान थरथरत होती, आत यायचे की नाही ते त्याला कळत नव्हते.

बराच वेळ गेला. मग आत्याने बसल्या जागेवरून हात लांब करून रानाच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले, अगदी शेवटी, समुद्राच्या बाजूला. पाटकरी तिथवर गेला, माती टाकली, पाटी झटकली आणि दुसरी भरून आणायला परत निघाला.